न मोजलेली नाडी

तिनं हात काढून घेतला.

झटका दिला नाही, ओरडली नाही. माझी तीन बोटं तिच्या मनगटावर होती, डोळे घड्याळाच्या सेकंदकाट्यावर होते आणि मी मनातल्या मनात चौतीस, पस्तीस, छत्तीस म्हणत होते. छत्तिसाव्या ठोक्याला तिचा हात माझ्या बोटांखालून निघून गेला. मला आधी वाटलं, म्हातारीला खाज सुटली असेल. मग तिनं ते मनगट पदराला पुसलं. दोनदा पुसलं. सुनेला म्हणाली, "पानी आन व. हात धुतो मी."

सकाळचे दहा वाजले होते. अकोल्यातलं एक मोठं खासगी हॉस्पिटल, दुसरा मजला, स्पेशल रूम. मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. शाळा अमरावतीत, ड्युटी चार महिने अकोल्यात. पांढरा गणवेश, छातीवर नावाची पट्टी. पट्टीवर फक्त पहिलं नाव होतं, म्हणून पहिले दोन दिवस सुखाचे गेले.

हो, सुखाचे. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आजी सोमवारी भरती झाल्या. वय ऐंशीच्या पुढे. हृदय थकलेलं, पाय सुजलेले, श्वास लागलेला. मुलगा अकोल्यात वकील, गावाकडे भरपूर काळी जमीन. मी पहिल्यांदा खोलीत गेले तेव्हा आजींनी विचारलं, "कोन्या गावची होय व तू?" मी म्हणाले, धामणगाव रेल्वेजवळची, आणि गावाचं नाव सांगितलं. म्हातारी एवढा दम लागलेला असतानाही उठून बसली.

"अवं माय! ते तं माह्यं माहेरच समज. तुमच्या गावाले लागून आमचं शिवार. माही मावशी तुमच्याच गावात देली होती."

दोन दिवस तिनं माझा हात सोडला नाही. औषधाला गेले की पकडायची, बीपी घ्यायला गेले की पकडायची. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, "पाहा, माह्या माहेरची पोरगी आली माह्या सेवेले." लग्नानंतर तिचा भाऊ तिला धामणगावच्या स्टेशनवर सोडायला यायचा आणि गाडी हलली की तोंड फिरवून उभा राहायचा, हे तिनं मला तीनदा सांगितलं. एकदा प्रसादाचा पेढा माझ्या तळहातावर ठेवला आणि मी तो खाईपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. मी घर सोडून वर्षानुवर्षं होस्टेलला राहिलेली पोरगी. मला ती म्हातारी आवडली. मनापासून आवडली. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

तिसऱ्या दिवशी मी नाडी मोजत होते. मोजताना बोलायचं नसतं. पण तिनं विचारलं, "घर कोठी पडते तुह्यं? पाटलाच्या वाड्याकून का नदीकून?"

मी आकडा न सोडता म्हणाले, "विहाराजवळ."

अभिमानानं म्हणाले. त्या बुद्धविहाराच्या भिंतीसाठी माझ्या आईनं डोक्यावरून विटा वाहिल्या होत्या. शब्द तोंडातून गेला आणि छत्तीसवर हात गेला.

सूनबाईंनी पाणी आणलं. आजींनी माझ्यासमोर हात धुतले. मी ट्रे धरून उभी. काय करायचं ते सुचेना, म्हणून मी हसले. आज सगळ्यात जास्त राग मला त्या हसण्याचा येतो. कोणी थोबाडीत मारली असती तर मी हसले नसते. पण ही माहेरची म्हातारी होती.

अर्ध्या तासानं वकील साहेबांनी मला दाराबाहेर बोलावलं. माणूस सभ्य. आवाज खाली. "सिस्टर, गैरसमज नका करू. आमी हे काही मानत नाही. माह्या ऑफिसात तुमच्यातले दोन जन हाय. पन आईचं वय पाहा ना. तिच्या मनाले तरास नोको. तुमी असं करा, गोळी त्या दाराजवळच्या स्टुलावर कागदावर ठेवत जा. आमची मंडळी देऊन देईन."

मी म्हणाले, "आणि नाडी?"

"ते काय, तुमी मशिनीनं घेऊन घ्या ना."

बोटाला लावायचं मशीन मजल्यावर एकच होतं, तेही बहुतेक वेळा आयसीयूत गेलेलं असायचं. शिवाय बोटाला लावायलाही बोट धरावं लागतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. "बरं," मी म्हणाले.

आता ती गोळी कसली ते सांगते. डिगॉक्सिन. हृदयाची गोळी. एवढीशी असते, मुगाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. ती हृदयाचा वेग कमी करते. म्हणून देण्याआधी नाडी मोजायची, पूर्ण एक मिनिट. साठच्या खाली असली तर गोळी द्यायची नाही आणि डॉक्टरांना कळवायचं. पहिल्या वर्षाच्या पोरीलाही झोपेतून उठवून विचारलं तर सांगेल.

आम्हाला हे शिकवलं ते अमरावतीच्या मॅडमनी. राजापेठेत आमची शाळा, खाली दुकानं, वर शिकवणी वर्ग, रस्त्यावर दुचाक्यांचे हॉर्न. त्या गोंगाटावर आवाज चढवून मॅडम शिकवायच्या. बरोबर रुग्ण, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. आणि मग बोट वर करून, "अन् बरोबर नोंद! आधी द्यायचं, मग लिहायचं. जी देईल तीच लिहील. गोळी उशाशी ठेवून यायची नाही. पेशंटनं गिळेपर्यंत तिथंच उभं राहायचं. आणि ही गोळी असेल तर पूर्ण मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणणारी पोरगी माझ्यासमोर आणू नका." मॅडम आमच्यातल्याच होत्या. त्यांच्याकडे बघून मी या कोर्सला आले होते. त्यांच्यासारखा काठ असलेली साडी, त्यांच्यासारखा चष्मा, त्यांच्यासारखं खणखणीत बोलणं. मला तेच व्हायचं होतं.

मी इन्चार्ज सिस्टरकडे गेले. त्या मजल्याच्या प्रमुख. पंचवीस वर्षांची नोकरी, कंबरेला किल्ल्यांचा जुडगा. मी सांगितलं, नाडी मोजू देत नाहीत.

"मंग काय झालं? बहात्तर लिव अन् मोकळी हो."

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"अवं, अशी काहून पाहून रायली? सगळ्याच लिवतात. त्या घरानं आपल्या हॉस्पिटलले किती पेशंट पाठवले माहीत हाय का तुले? जाय, कामं पडली हायेत."

सगळ्याच लिहायच्या, हे खरं होतं. आमच्या मजल्यावर अठरा वर्षांच्या पोराची नाडी बहात्तर आणि ऐंशीच्या म्हातारीचीही बहात्तर. तापानं फणफणलेल्याची बहात्तर, ऑपरेशनहून आलेल्याची बहात्तर. इतकी समता मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. सकाळी आल्याआल्या एका बैठकीत सगळे तक्ते भरून टाकायचे, मग दिवसभर पळायला मोकळं. मी मात्र तोवर मोजत होते. मैत्रिणी मला हसायच्या. आजींच्या तक्त्यावर माझे पहिल्या दोन दिवसांचे आकडे होते, अठ्ठ्याऐंशी आणि चौऱ्याऐंशी. त्यापुढं मी लिहिलं, बहात्तर. खाली सही केली. मग पेन खिशाला लावून पुढच्या खोलीत गेले.

संध्याकाळी आईला फोन केला. आई धामणगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे. तिला सांगितलं, एका म्हातारीनं माझा हात लागला म्हणून हात धुतला. आई मग म्हणाली, "धुतला तं धुतला. तिचंच पानी वाया गेलं. तू तुह्यं काम चोख कर." मी हो म्हणाले. त्याच दिवशी मी काम चोख केलं नव्हतं, हे आईला सांगितलं नाही.

मग रोज तेच. सकाळी दहाला मी दारात उभी राहायची. स्टुलावर कागद, कागदावर गोळी. आजी भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या असायच्या. सूनबाई यायच्या, कागदासकट गोळी उचलायच्या. मी मागे वळायच्या आत दार लोटलेलं. बाहेर काउंटरवर येऊन बहात्तर. गुरुवार बहात्तर. शुक्रवार बहात्तर. शनिवार बहात्तर. रविवारीसुद्धा.

खरं सांगू? पहिल्या दिवशी लिहिताना हात अडखळला. शनिवारी अडखळला नाही. उलट मनात एक घाण विचार आला. नको ना माझा हात, तर राहा मग तशीच. तुझ्या हृदयाची काळजी मी कशाला करू? असं मी एका आजारी म्हातारीबद्दल म्हणाले. मनात, पण म्हणाले. अपमानानं माणूस चांगला होत नाही, एवढं त्या आठवड्यात मला कळलं.

मोठे डॉक्टर चार दिवस बाहेरगावी होते. ज्युनिअर डॉक्टर राउंडला यायचे, दारातूनच फाइल उघडायचे, "पल्स बहात्तर, छान, हेच चालू ठेवा," म्हणायचे. आजींना लांबून नमस्कार करायचे. मी बाजूला उभी असायची. तो आकडा माझा होता आणि त्या आकड्याच्या भरवशावर त्यांनी गोळी चालू ठेवली. ते काही चुकीचं वागत नव्हते. कागद वाचत होते.

रविवारी आजींनी जेवण परत केलं. सोमवारी सकाळी उलटी झाली. मी दारात गोळी ठेवायला गेले तेव्हा आतून त्यांचा आवाज आला, "काहून व, चादर पिवळी काहून देली?"

सूनबाई म्हणाल्या, "पांढरी तं हाय, आत्याबाई."

"नाही. सारं पिवळं पिवळं दिसून रायलं मले. तुह्यं तोंडही."

मॅडमचा वर्ग आठवला. उलटी होणं, अन्न नको वाटणं, नाडी मंदावणं आणि सगळं पिवळं दिसणं. ती गोळी अंगात जास्त झाली की हेच होतं. म्हाताऱ्या माणसांची किडनी थकलेली असते, गोळी बाहेर पडत नाही, साचत जाते. परीक्षेत हा प्रश्न मला आला होता आणि मी पूर्ण गुण घेतले होते.

मी गोळी ट्रेमध्ये परत ठेवली आणि इन्चार्ज सिस्टरकडे धावले. सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "शीटवर कालची नाडी किती हाय?"

"बहात्तर."

"कोनं लिवली?"

"मी."

"मंग डॉक्टरले काय सांगू मी? का या पोरीनं पाच दिवस खोटी नाडी लिवली? तू निस्तरशीन का ते?"

माझाच आकडा माझ्या तोंडावर हात ठेवून बसला होता.

तरी मी परत गेले. वकील साहेब खोलीबाहेर फोनवर बोलत होते. त्यांचं संपेपर्यंत मी थांबले. म्हणाले, "साहेब, मला एक मिनिट आजींची नाडी बघू द्या. एकच मिनिट. मला बरोबर वाटत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी ते घाबरले होते, मी बघितलं. आत गेले. आईच्या कानाशी वाकले. आजी भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "ते पोरगी नोको."

साहेब बाहेर आले. "दुसऱ्या सिस्टरले पाठवा ना."

दुसरी गेली. तिचा हात चालत होता. मी काउंटरवरून घड्याळ पाहिलं. वीस सेकंदांत ती बाहेर आली आणि तक्त्यावर बहात्तर लिहून पुढच्या खोलीत निघून गेली. मी तिला थांबवायला हवं होतं. मी स्वतः ज्युनिअर डॉक्टरांना फोन लावायला हवा होता. भरल्या मजल्यावर ओरडायला हवं होतं. त्यातलं मी काहीच केलं नाही. ट्रेमधली गोळी उचलली आणि स्टुलावर, कागदावर नेऊन ठेवली. ती विषासारखी झालीय हे माहीत असून ठेवली. माझ्या सगळ्या आयुष्यात मी याहून वाईट काही केलेलं नाही.

मंगळवारी दुपारी साडेबाराला सूनबाईंची किंकाळी आली.

मी सगळ्यात जवळ होते. आजी पलंगावर आडव्या झाल्या होत्या, डोळे अर्धवट उघडे, ओठ राखेच्या रंगाचे. मी मनगट धरलं. आता कोणी अडवलं नाही. साहेबही अडवायला आले नाहीत. मी मोजायला लागले. एक ठोका, मग इतका वेळ काहीच नाही की मला वाटलं, संपलं. मग दुसरा. पूर्ण मिनिट मोजलं, कारण डॉक्टर जिना चढून येईपर्यंत माझ्या हातात तेवढंच होतं. चौतीस.

त्या मिनिटात त्यांनी हात ओढला नाही. शुद्ध नव्हती म्हणून, की आता त्यांना चालत होतं म्हणून, ते मला कधीच कळणार नाही. मी कित्येकदा स्वतःला दुसरं उत्तर देऊन पाहिलं. पटत नाही.

आयसीयूत नेलं. गुरुवारी पहाटे त्या गेल्या. मी होस्टेलच्या न्हाणीघरात नळ सोडून रडले. कोणासाठी रडले? ज्या बाईनं माझा हात लागला म्हणून पाणी मागवलं, तिच्यासाठी. जिनं पेढा दिला तिच्यासाठी. दोन्ही बाया एकच होत्या, आणि मला त्यातली एकच निवडून रडता येईना.

पुढच्या सोमवारी मेट्रनच्या केबिनमध्ये बैठक बसली. वकील साहेबांनी तक्रार केली होती. तक्रारीत लिहिलं होतं की विद्यार्थिनीनं चुकीची गोळी दिली. सहा दिवस ज्या हाताचा स्पर्श नको होता, त्याच हातावर आता आईच्या मरणाचं बोट ठेवलं होतं. अमरावतीहून मॅडमना बोलावलं होतं.

केबिनबाहेर इन्चार्ज सिस्टरनी मला कोपऱ्यात घेतलं. "आयक. मोजली म्हन. रोज मोजली. शीट तुह्या बाजूची हाय, आमच्याही बाजूची हाय. म्हातारं मानूस होतं, गेलं. कोनाचंच काही बिघडत नाही."

मी मॅडमकडे पाहिलं. मला वाटलं, त्या भडकतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सिस्टर म्हणतात तसंच म्हण, बाळ."

"मॅडम?"

"दोन महिन्यांनी तुझं सर्टिफिकेट येईल. आपल्या पोरी इथवर कशा येतात हे तुला सांगायला हवं का? तू खरं बोललीस तर हे लोक त्यांचं काही कबूल करणार नाहीत. सगळं तुझ्या एकटीच्या अंगावर येईल. माझ्या डोळ्यांनी दोन पोरी परत गेलेल्या मी पाहिल्यात. तिसरी मला बघायची नाही."

हे प्रेमानं म्हणाल्या त्या. अगदी आईच्या प्रेमानं. म्हणून ते सगळ्यात जास्त लागलं. म्हातारीनं हात धुतला तेव्हा माझ्या आतलं एक काहीतरी तुटलं होतं, पण मॅडम उभ्या होत्या. आता मॅडमही म्हणत होत्या, खोटं बोल. पूर्ण मिनिट मोजा म्हणणारी बाई मला सांगत होती, न मोजलेली नाडी मोजली म्हण.

मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्याकडे बघताना मला दिसलं की यांनीही आयुष्यात कितीतरी वेळा अशीच मान खाली घातली असणार. कोणाच्या दाराजवळच्या स्टुलावर काय काय ठेवलं असेल यांनी. आणि मग राजापेठेच्या त्या वर्गात येऊन बोट वर करून आम्हाला शिकवलं असेल, की निदान तुम्ही तरी असं करू नका.

आत गेलो. मेट्रन, हॉस्पिटलचे मालक डॉक्टर, वकील साहेब, आम्ही तिघी. समोर फाइल उघडी होती. मालक डॉक्टर गोड आवाजात म्हणाले, "घाबरू नको. नाडी रोज बघून गोळी देत होतीस ना?"

मी म्हणाले, "नाही."

रस्त्यावर ऑटोवाले भांडत होते, त्यांचा आवाज आत येत होता.

"बुधवारपासून मी आजींची नाडी मोजली नाही. मला मोजू दिली नाही. मी विहाराजवळची आहे हे कळल्यावर आजींनी हात काढून घेतला. साहेबांनी मला गोळी स्टुलावर ठेवायला सांगितलं. मी ठेवली. सिस्टरनी बहात्तर लिहायला सांगितलं. मी लिहिलं. सोमवारी त्यांना पिवळं दिसत होतं. मला कारण कळलं होतं. तरी मी गोळी ठेवली. ही सही माझी आहे. हा आकडा खोटा आहे."

इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "खोटं बोलून रायली ही. मी असं कधी सांगतलंच नाही."

वकील साहेब उठून उभे राहिले. चेहरा लालबुंद. "माही माय मेली, अन् ही तिच्या मरनाचं राजकारन करून रायली! आमी जात मानत नाही. आमच्या घरी कोनालेही इचारा."

मी म्हणाले, "साहेब, तुमी मानत नाही. तुमी फक्त निरोप आनून देला. अन् मी फक्त आयकलं. दोघांनी मिळून मारली तुमच्या आईले."

घाबरले की माझ्या तोंडून गावचीच बोली येते. तशीच आली. येऊ दिली.

मॅडमनी डोळे मिटून घेतले होते. मी त्यांच्याकडे परत पाहिलं नाही.

मग जे व्हायचं ते झालं. हॉस्पिटलनं माझी ड्युटी त्याच दिवशी बंद केली. शाळेनं मला एक वर्ष मागे ठेवलं. इन्चार्ज सिस्टरना काही झालं नाही. वकील साहेबांनी तक्रार पुढे नेली नाही. नेली असती तर स्टुलाची गोष्टही नोंदवावी लागली असती. फाइलमधलं ते पान नंतर कुठं गेलं मला माहीत नाही. त्या मजल्यावर आजही सगळ्यांची नाडी बहात्तर असेल, असं मला वाटतं. मी ते एक वर्ष पुन्हा पहिल्यापासून केलं. माझ्याहून लहान पोरींच्या शेजारी बसून. मॅडम शिकवायला यायच्या. नाडीचा धडा आला की पुस्तकातून वाचून दाखवायच्या. बोट वर करायच्या नाहीत. एकदा वर्ग सुटल्यावर माझ्या बाकापाशी थांबल्या. माझ्या वहीवर हात ठेवला आणि गेल्या.

आता मी अमरावतीत एका हॉस्पिटलमध्ये नोकरी करते. कोणी म्हणेल, चला, शेवटी झालं ना चांगलं. नाही झालं. आजी परत आल्या नाहीत. मला रोज सकाळी दहाला त्यांची आठवण येते, रजेच्या दिवशीसुद्धा. कपबशी विसळत असले तरी हात थांबतो. माफी मागायला माणूस उरलं नाही, आणि जे उरलेत त्यांना माफी मागायची आहे असं दिसत नाही.

गेल्या महिन्यात एका खोलीत नातेवाइकांनी मला तसंच विचारलं. "सिस्टर, तुमी कोनाच्या?" हल्ली जात अशीच विचारतात, हसून, चहा घ्या म्हणत. पेशंट त्यांचा काका, आणि त्यालाही हृदयाचंच औषध चालू. मी उत्तर दिलं, सगळं दिलं. काकांनी हात चादरीखाली घेतला. पुतण्या म्हणाला, "ठेवून जा ना गोळी, आमी देतो."

मी म्हणाले, "नाडी पाहिल्याशिवाय गोळी मिळणार नाही. आणि मी ठेवून जाणार नाही."

"दुसरी सिस्टर नाही का?"

"आत्ता मीच आहे."

मी खोलीतच थांबले आणि तिथूनच डॉक्टरांना फोन केला. त्यांच्यासमोर तक्त्यावर लिहिलं: रुग्णाने व नातेवाइकांनी नाडी तपासू दिली नाही, औषध दिलेले नाही, डॉक्टरांना कळवले आहे. वेळ टाकली. पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. पुतण्या ओरडत होता, वर तक्रार करतो, नोकरी घालवतो. मी म्हणाले, करा. डॉक्टर आले, त्यांनी त्याला बाहेर काढलं, आणि मी काकांना हात बाहेर काढायला सांगितलं. बऱ्याच वेळानं त्यांनी काढला. माझ्याकडे न बघता काढला. मी मोजलं. चौसष्ट. गोळी दिली, गिळेपर्यंत उभी राहिले, मग लिहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही याचं मला काही वाटलं नाही. मला त्यांचं प्रेम नको होतं. त्यांचं मनगट हवं होतं.

पुढच्या वेळी डॉक्टर माझ्या बाजूचे नसतील. मला माहीत आहे. मालक मला बोलावून गोड बोलेल, इन्चार्ज म्हणेल, बहात्तर लिव, कोणी प्रेमाची बाई खांद्यावर हात ठेवून म्हणेल, बाळ, जरा सांभाळून घे. तरी मी लिहीन, हात लावू दिला नाही. दर वेळी लिहीन, सही करून लिहीन. नोकरी गेली तर दुसऱ्या गावी जाऊन तिथं लिहीन. एकदा मी अपमान गिळला आणि त्याच्यापायी एक बाई मेली. कोणाचा विटाळ सांभाळायला मी पुन्हा माणूस मरू देणार नाही.